शाईची बाटली कोठे ठेवावी?

तालुक्याच्या गावातील कोणत्याही चौकात उभे राहून मान वर करा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नव्या दुकानाचे उद्घाटन, दहावीचा निकाल असे रंगीबेरंगी फलक तुम्हांला दिसतील. पूर्वी पेंटर कापडावर ब्रशाने अक्षरे रंगवीत, त्याला एकदोन दिवस लागत. आता फ्लेक्सच्या दुकानातील रुंद यंत्र तेवढा फलक तासाभरात छापून देते.

आमच्या ओळखीच्या एका फ्लेक्सवाल्याकडे असे यंत्र आहे. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशी चार रंगांची शाई त्याला लागते. ही शाई 440 मिलिलिटरच्या बंद डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये मिळे. डबी संपली की फेकायची आणि नवी बसवायची. लिटरच्या बाटलीतली शाई त्याहून पुष्कळ स्वस्त पडते, असे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने डब्या काढल्या, यंत्राच्या वर भिंतीला चार खिळे ठोकले आणि सलाइनसारख्या चार बाटल्या टांगून नळ्या जोडून दिल्या. ‘वरून शाई आपोआप उतरेल,’ असा त्याचा विचार.

शाई खरोखरच आपोआप उतरली, पण रात्रभर! सकाळी पाहतो तो यंत्राखाली शाईचे थारोळे. पिवळ्या शाईत निळी मिसळून तिचा हिरवा रंग झालेला. दुसऱ्या दिवशी द्यायचे फलक तसेच राहिले, आणि छापणारे महागडे डोके, म्हणजे प्रिंटहेड, बिघडते की काय ही धास्ती वेगळीच. तो म्हणाला, “मशीनच खराब निघाले.” मित्रांनो, मशीन खराब नव्हते. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘द्रवाचा दाब’ हा धडा तेवढा विसरला होता!

थेंब उडतो कसा?

प्रिंटहेडच्या तळाशी बारीक छिद्रांच्या रांगा असतात. एकेक छिद्र साधारण 25 मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. प्रत्येक छिद्रामागे शाईची एक इवलीशी कोठडी असते आणि तिला एका विशिष्ट पदार्थाची भिंत असते. या पदार्थाला विद्युतदाब दिला की तो किंचित आकार बदलतो. काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि प्येर क्यूरी या भावांनी 1880 साली दाखवले होते. येथे त्याच्या उलट क्रिया वापरली जाते. भिंत वाकते, कोठडी आकसते आणि एक थेंब खाली उडतो. हा थेंब 4 पिकोलिटरचा धरला, तर एका लिटर शाईत असे 25,000 कोटी थेंब होतात!

थेंब गेला की केशाकर्षणाने नवी शाई आत ओढली जाते. पण जेव्हा थेंब उडवायचा नसतो, तेव्हा छिद्रातली शाई खाली का गळत नाही? छिद्राच्या तोंडाशी शाईचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. हा पापुद्रा किंचित आत खोलगट राहिला पाहिजे. तो बाहेर फुगला, तर शाई छिद्राच्या कडेवरून पत्र्यावर पसरते, शेजारच्या छिद्रातील शाईत मिसळते आणि मग गळतच राहते.

वर की खाली?

पापुद्रा आत राहावा की बाहेर फुगावा, हे बाटलीची उंची ठरवते. दहा सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे 980 पास्कल दाब देतो. हा दाब वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा हिस्सा. पण त्या नाजूक पापुद्र्याला तो पुरेसा होतो. बाटलीतील शाईची पातळी छिद्रांच्या वर असली, तर दाब शाईला बाहेर ढकलतो. पातळी थोडी खाली असली, तर शाई हलकेच मागे ओढली जाते आणि पापुद्रा खोलगट राहतो.

सलाइनची बाटली उंच टांगतात, कारण शिरेतल्या रक्ताच्या दाबावर मात करून तो द्रव शरीरात जायचा असतो. येथे गरज नेमकी उलटी आहे.

मग बाटली जमिनीवरच ठेवली तर? तेही चालणार नाही. मागे ओढणारा जोर फार झाला, की पापुद्रा तुटतो आणि छिद्रातून हवा आत शिरते. विहिरीवरच्या मोटारीने हवा घेतली की ती नुसती घरघरते, पाणी चढवत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. येथेही तसेच होते. कोठडी आकसते, पण मधला हवेचा बुडबुडाच दबतो आणि थेंब उडत नाही. फलकावर पांढऱ्या रेघा उमटतात. म्हणून पातळी छिद्रांच्या काही सेंटीमीटर खाली ठेवावी लागते, आणि ती तेथेच टिकवावी लागते.

करून पाहा

साहित्य: प्लास्टिकची रिकामी बाटली, पसरट वाडगा, पाणी, चमचा.

कृती: वाडग्यात दोन बोटे पाणी घ्या. बाटली पाण्याने काठोकाठ भरा. तोंडावर तळहात दाबून ती उलटी करा, तोंड वाडग्यातील पाण्यात बुडवा आणि हात काढून घ्या. बाटली तशीच धरून ठेवा. आता चमच्याने वाडग्यातले पाणी काढत जा. पातळी बाटलीच्या तोंडाखाली गेली, की ‘बुडुक’ असा आवाज होऊन एक बुडबुडा वर जातो, थोडे पाणी खाली येते आणि पातळी पुन्हा पूर्ववत होते. कोंबड्यांना पाणी पाजण्याचे भांडे याच तत्त्वावर चालते.

आमच्या फ्लेक्सवाल्याच्या कोड्याचे उत्तर या वाडग्यात आहे. बाटली सरळ प्रिंटहेडला न जोडता मध्ये एक लहान टाकी ठेवायची आणि बाटली तिच्यात उलटी बसवायची. बाटलीचे तोंड छिद्रांच्या थोडे खाली असले, की झाले! बाटली एक लिटरची असो वा दोन लिटरची, ती भरलेली असो वा अर्धी, प्रिंटहेडला जाणवते ती फक्त लहान टाकीतली पातळी. मोठ्या यंत्रांत गच्चीवरच्या टाकीसारखा तरंगता गोळा पातळी सांगतो आणि पंप शाई भरतो.

आणखी तीन गोष्टी

पहिली, हवा. मूळ डबीच्या आत बहुधा एक लवचीक पिशवी असते. शाई संपेल तशी ती चपटी होते, त्यामुळे शाईला हवा लागतच नाही. बाटलीच्या व्यवस्थेत मात्र टाकीला हवेसाठी बारीक छिद्र ठेवावेच लागते. त्यावर गाळणी हवी, नाहीतर धूळ जाऊन प्रिंटहेड तुंबेल. नळ्यांतली हवाही सुरुवातीलाच पूर्ण काढली पाहिजे.

दुसरी, नळी. फ्लेक्सवर पीव्हीसीचा थर असतो. या शाईतला विद्रावक, म्हणजे सॉल्व्हंट, तो थर किंचित मऊ करतो, म्हणून रंग घट्ट बसतो आणि पावसातही टिकतो. पण साधी पारदर्शक नळीदेखील बहुधा पीव्हीसीचीच असते! जी शाई फ्लेक्सला मऊ करते, ती नळीला कशी सोडील? म्हणून विद्रावकाला दाद न देणाऱ्या पदार्थाची नळी लागते. या विद्रावकांची वाफ श्वासाला बरी नाही आणि ते पेटही घेऊ शकतात. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ ज्योत नको.

तिसरी, गाळ. शाईतील रंगाचे कण विद्रावकात विरघळलेले नसतात, तरंगत असतात. मोठी बाटली जास्त दिवस पुरते, म्हणून कण तळाशी बसायलाही जास्त वेळ मिळतो. बाटली बसवण्यापूर्वी ती हलवून घ्यावी. दोन निरनिराळ्या शाया मात्र तपासल्याशिवाय एकत्र करू नयेत, त्यांच्या गुठळ्या होऊ शकतात.

आमच्या फ्लेक्सवाल्याने खिळे उपटले, प्रिंटहेड धुऊन घेतले आणि लहान टाक्या बसवल्या. आता शाई स्वस्त पडते आणि प्लास्टिकच्या रिकाम्या डब्यांचा ढीगही साचत नाही. बचत बाटलीत होती हे खरे. पण ती हाती लागली, ती बाटली कोठे ठेवावी हे कळल्यावर.

विचार करा

1. वरील प्रयोगात बाटलीच्या तळाला टाचणीने भोक पाडले, तर काय होईल? का?
2. डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणी, जेथे वातावरणाचा दाब कमी असतो, तेथे लहान टाकीची जागा बदलावी लागेल काय?