हिरवळ कापायला पेट्रोलचे यंत्र की बॅटरीचे?

श्रावणातल्या सरी आणि मधूनच पडणारे ऊन यांचा मेळ जमला, की हरळीची हिरवळ आठवड्यातच हाताबाहेर जाते. गवत कापायच्या यंत्राची चौकशीही याच दिवसांत वाढते. दुकानात गेलेला माणूस बहुतेक वेळा पेट्रोलचे यंत्र घेऊन येतो, कारण ‘त्याला ताकद जास्त’. ते खरेच आहे. पण घराभोवतीच्या हिरवळीला एवढी ताकद लागते का, हे आधी पाहावे.

खरेदीपूर्वी टेप लावून जागा मोजा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. झाडांचे वाफे, पायवाट, गाडी लावायची जागा वजा केली, की बंगल्याभोवतीची हिरवळ अनेकदा गुंठ्याच्या आतच बसते. एवढ्या जागेला हाताने ढकलायचे मोवर पुरते. इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये कापड कातरणाऱ्या यंत्रावरून ते बेतले आणि रचना आजही तीच आहे. फिरती पाती खालच्या स्थिर पात्यावर गवत कात्रीसारखी कातरतात. गवत मात्र उंच होऊ देता कामा नये.

एक ते चार-पाच गुंठ्यांसाठी मी बॅटरीचे यंत्र सुचवतो. घरचे यंत्र पावसाळ्यात आठवड्याला अर्धा-पाऊण तास चालते आणि हिवाळ्यात गवताची वाढ मंदावली, की महिनोन्महिने पडून राहते. पेट्रोल इंजिनाला हे पडून राहणेच बाधते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि टाकीत राहिलेले पेट्रोल जुने होऊन कार्बोरेटरच्या केसाएवढ्या छिद्रात चिकट थर धरते. मग ज्येष्ठात पहिला पाऊस झाल्यावर दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, पण इंजिन काही धरत नाही. दुरुस्तीला नेले, की बहुधा कार्बोरेटर साफ करण्याचेच काम निघते.

पेट्रोलचेच यंत्र असेल, तर हंगामाच्या शेवटी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ५०:१ प्रमाण सांगितले असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. हे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावे, अंदाजाने ओतू नये. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळे असते, त्यामुळे मिसळण्याची कटकट नाही. नव्याने घेणाऱ्याने तेच घ्यावे.

बॅटरी घेताना नुसते व्होल्ट पाहून भुलू नका. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १४४ वॅट-अवर. हा आकडा मोठा, तेवढे काम जास्त. दुसऱ्या बॅटरीची किंमत दुकानातच विचारा, कारण पुढे खरा खर्च तोच असतो. वापरून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. यंत्र महिनाभर लागणार नसेल, तर बॅटरी अर्धी भरून घरात सावलीला ठेवावी. पत्र्याच्या शेडमधला वैशाखाचा उकाडा तिचे आयुष्य खातो.

वायरचे विजेवरील यंत्र सर्वांत स्वस्त पडते, पण ओल्या गवतात वायर ओढत फिरणे मला मान्य नाही. घरात ते असेलच, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय वापरू नका आणि हिरवळ कोरडी असतानाच काढा.

अर्ध्या एकराचे फार्महाऊस किंवा कोकणातील आंबा-काजूची बाग असेल, तर प्रश्नच वेगळा. उताराच्या, दगडगोट्यांच्या कातळावर चाकांचे मोवर चालत नाही. गुडघाभर गवताला फोर-स्ट्रोक पेट्रोलचा ब्रश कटरच हवा. तिथे बॅटरीवर पैसे घालवू नयेत. अशा गवतात शिरण्यापूर्वी काठीने चाळवून पाहा, कारण फुरसे आणि घोणस या दिवसांत तिथेच असतात. गमबूट आणि गॉगल हवाच.

यंत्र कोणतेही असो, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गवत कापू नये आणि दव उतरल्याशिवाय कापणीला हात घालू नये. ओले गवत पात्याखाली गोळा होऊन अडकते. ते काढण्यापूर्वी पेट्रोलच्या यंत्राची प्लगची टोपी, बॅटरीच्या यंत्राची बॅटरी आणि वायरच्या यंत्राचा प्लग काढाच. पात्याने उडवलेला खडा काही मीटर दूर उभ्या माणसाचा डोळा फोडू शकतो. यंत्र चालू असेपर्यंत मुलांना घरातच थांबवा.