साहेबाचे कट्टे आणि ताऱ्याची कडा

विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ आमच्या भागात कोणाला ठाऊक नाहीत? माझे वडील चौथीपर्यंतच शिकले, पण लहानपणी मला कट्ट्यावर उभे करून त्यांनी सांगितले होते, “साहेबान सूर्यातलो हेलियम हयसरच शोधून काढल्यान.” साहेब म्हणजे नॉर्मन लॉकियर, आणि साल १८६८.

मी इतिहासाचा विद्यार्थी. तारखा जुळवू लागलो आणि घोटाळा झाला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्यज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहिल्या त्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने, गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने त्या रेषा २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवायच पाहिल्या.

मग कट्टे खोटे? नाही! २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आला होता. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. हेलियम तर १८९५ मध्येच रॅम्झेला पृथ्वीवर सापडला होता. लोकस्मृतीने तीस वर्षांची गल्लत केली, एवढेच.

त्या दोनेक मिनिटांत त्यांनी केले काय? चंद्राने सूर्यबिंब झाकले की काही क्षण कडेचा वायूंचा पातळ थर, म्हणजे वर्णावरण, तेवढा उजळ दिसतो. कॅमेऱ्यापुढे लोलक ठेवला की प्रत्येक मूलद्रव्याची आपापल्या रंगाची कोर उमटते. कोर जितकी लांब, तितका तो वायू उंच पोहोचलेला. एरवी बिंबाच्या झगमगाटात यातले काही दिसत नाही.

रोहिणीसारख्या तांबड्या राक्षसी ताऱ्याला मात्र झाकायला चंद्र कुठून आणावा? येथे अतिनील किरण कामी येतात, आणि मला ही युक्ती फार आवडली. तांबड्या बिंबातून अतिनील प्रकाश फारच थोडा निघतो; बाहेरचे तप्त वर्णावरण मात्र त्यात चमकते. बिंब आपोआप मंदावते, जणू ग्रहणच! हा प्रकाश आपल्या हवेतील ओझोन अडवतो, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. १९७८ मध्ये सोडलेल्या ‘आययूई’ उपग्रहाने आणि पुढे हबल दुर्बिणीने असे वर्णपट घेतले. मॅग्नेशियमच्या रेषांच्या आकारावरून कळते की रोहिणीचा वायू सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर वेगाने बाहेर वाहतो आहे.

वडिलांना हे सांगताना जीभ अडखळत होती. ते जाळे विणता विणता थांबले.

“म्हणजे साहेब इललो, ह्या तरी खरा?”

“इललो,” मी म्हणालो.