अडखळणारा व्हिडिओ : आधी दोष शोधा, मग खर्च करा

लग्नाचे चित्रीकरण करणारे, तसेच फर्निचरचे किंवा जरीकामाचे नमुने ग्राहकाला टीव्हीवर दाखविणारे आमचे काही बांधव आता सर्व व्हिडिओ एका साठवण-पेटीत ठेवतात. या पेटीला नॅस म्हणतात. तिच्यात एक-दोन हार्डडिस्क असतात व ती राउटरला जोडलेली असते. सोय मोठी आहे. पण ग्राहक समोर बसला असता चित्र अडखळू लागले, की पंचाईत होते. मग कोणी इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतो, तर कोणी नवी पेटी आणतो. यात बहुधा पैसा वाया जातो.

पेटी व टीव्ही एकाच राउटरवर असतील, तर व्हिडिओ बाहेरच्या इंटरनेटवरून येतच नाही. म्हणून प्लॅन वाढवून हा दोष जात नाही.

प्रथम हिशेब मांडू. फाइलचा आकार एमबीमध्ये घ्यावा, 8 ने गुणावा व व्हिडिओच्या सेकंदांनी भागावा. 10 मिनिटांची फाइल 3000 एमबीची असेल, तर 24000 भागिले 600, म्हणजे सेकंदाला सरासरी 40 मेगाबिट लागतात. धावपळीच्या दृश्यात हा आकडा वाढतो. म्हणून दुपटीची तयारी ठेवावी.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

1) तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावा. तरीही अडखळली, तर दोष फाइलचा किंवा टीव्हीचा आहे. पेटीला बोल लावू नये.

2) पेनड्राइव्हवर नीट चालली, तर टीव्हीचे वायफाय बंद करून राउटरपासून तार जोडा. तारेवर चित्र सुरळीत झाले, तर दोष वायफायचा. टीव्ही जवळ असेल तर 2.4 ऐवजी 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडा. भिंती आड येत असतील तर तारच कायम ठेवा.

3) तारेवरही अडखळले, तर तारेने जोडलेल्या संगणकावर पेटीतून 1000 एमबीची फाइल उतरवून वेळ मोजा. सुमारे 10 सेकंद लागले, तर मार्ग उत्तम. 85-90 सेकंद लागले, तर कोठेतरी वेग 100 मेगाबिटवर अडकला आहे. गिगाबिट वेगासाठी तारेतील चारही जोड्या शाबूत लागतात. 100 मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली, तर जोडणी चालू राहते, पण वेग उतरतो. अशा वेळी तार बदलून पाहावी.

4) मार्ग ठीक असेल, तर व्हिडिओ चालू ठेवून पेटीच्या प्रोसेसरवरील भार पाहा. तो शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर पेटी व्हिडिओ चालता चालता त्याचे रूप बदलत आहे. टीव्हीला फाइलचा प्रकार, उदाहरणार्थ एच.265, झेपत नसला की असे होते. प्लेक्स किंवा जेलीफिन वापरत असाल, तर मूळ दर्जाचा पर्याय निवडा. टीव्हीला तो प्रकार चालतच नसेल, तर फाइल आधीच एच.264 मध्ये बदलून ठेवा.

एक लक्षण मात्र उद्यावर टाकू नये. पूर्वी नीट चालणाऱ्या फाइली थबकू लागल्या, नक्कल करताना काम मध्येच अडते, किंवा पेटीतून टकटक आवाज येतो, तर डिस्क निकामी होत असण्याचा संभव आहे. अशा वेळी दुरुस्तीचे प्रयोग न करता महत्त्वाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात, मगच तपासणी करावी. पेटीत दोन डिस्क एकसारख्या चालत असल्या, तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते. ग्राहकाच्या लग्नाचे चित्रीकरण पुन्हा करता येत नाही. ती त्याची अमानत आहे, म्हणून एक प्रत पेटीबाहेर ठेवावीच.