छंद आईचा, सांभाळायचा घराने

या आठवड्याचा अभ्यास घरातल्या तरुण आईविषयी.

तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध पितं. मधल्या वेळात दुपटी, स्वयंपाक, आलं-गेलं. मग पेटी, विणकाम, वाचन "नंतर बघू" म्हणून माळ्यावर जातं, ते सहसा खाली येत नाही.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवा. शाळेत गेल्या नव्हत्या. शेत, चूल, जातं सांभाळतच त्यांनी गाणी रचली. ती आपल्यापर्यंत आली, कारण घरात ऐकणारं माणूस होतं. मुलगा सोपानदेव यांनी ती लिहून ठेवली. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. कुणी लिहून घेतली नसती तर ती जात्यापाशीच विरली असती.

मग आपण काय करायचं?

१. रोज अर्धा तास बाळ बाबांनी किंवा आजी-आजोबांनी घ्यावं. वेळ ठरलेली हवी, "सवड मिळाली तर" नको.
२. त्या वेळात तिला हाक मारू नये, कपड्यांच्या घड्याही सांगू नयेत.
३. तिनेही चटकन हातात घेता येईल, चटकन ठेवता येईल असं काही निवडावं.
४. तिने केलेलं आवर्जून बघावं, ऐकावं.

सेवा केंद्रावरच होते असं नाही. सुनेचं बाळ मांडीवर घेणं हीसुद्धा सेवाच.

आज जेवताना बोला: आपल्या सुनेला लग्नाआधी काय करायला आवडायचं, हे घरात किती जणांना माहीत आहे?