मक्याचे पीक : नत्र, वाण आणि दाण्याचा कस

खानदेश, नाशिक आणि मराठवाड्याच्या काही भागांत मका हे खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे. त्यातील मोठा हिस्सा कोंबडीखाद्य व स्टार्चच्या कारखान्यांकडे जातो. सातपुड्यातील आदिवासी वस्त्यांत मात्र मक्याची भाकरी आहारात असते. म्हणून मका किती पिकला याबरोबरच त्याचा कस काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

नत्राची मात्रा

संकरित मक्यास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. माती परीक्षणानुसार तीत फेरबदल करावा. सर्व नत्र एकदम दिल्यास पावसाच्या पाण्याबरोबर त्याचा बराच अंश वाया जातो. यास्तव एक तृतीयांश नत्र पेरणीच्या वेळी, तेवढेच सुमारे ३० दिवसांनी पीक गुडघ्याएवढे झाल्यावर आणि उरलेले ४० ते ४५ दिवसांनी, तुरा बाहेर पडण्यापूर्वी द्यावे. स्फुरदासाठी डीएपी वापरल्यास ६० किलो स्फुरदाबरोबर सुमारे २३ किलो नत्रही मिळते. ते वजा करूनच युरियाचा हिशेब करावा. मात्रेबाहेर नत्र दिल्याने उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही. उलट उंच वाढलेले पीक लोळण्याचा धोका असतो.

वाणाचे महत्त्व

नत्रामुळे दाण्यातील प्रथिनेही वाढतात. परंतु ही वाढ मुख्यतः ‘झीन’ या प्रथिनाची असते. लायसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात आणि झीनमध्ये नेमकी तीच अत्यल्प असतात. ही उणीव खताने भरून निघत नाही. त्यासाठी वाणच बदलावा लागतो.

‘ओपेक-२’ या जनुकामुळे मक्यातील लायसिन वाढते, हे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली दाखवून दिले. त्यावर आधारलेले ‘शक्ती’, ‘रतन’ व ‘प्रोटीना’ हे वाण १९७० च्या सुमारास भारतात आले. तथापि त्यांचा दाणा मऊ, उत्पन्न कमी आणि साठवणीत कीड लवकर लागणारी. त्यामुळे त्यांचा प्रसार झाला नाही. पुढे मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात डॉ. सुरिंदर वासल व डॉ. इव्हांजेलिना व्हिलेगास यांनी पोषणगुण राखून टणक दाण्याचा मका तयार केला. या कार्यासाठी त्यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातील ‘एचक्यूपीएम-१’ हा संकरित वाण याच परंपरेतील आहे. अशा मक्याच्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन यांचे प्रमाण साध्या मक्याच्या जवळजवळ दुप्पट असते.

घ्यावयाची दक्षता

शेजारच्या साध्या मक्याचे पराग पडल्यास त्यातून धरलेल्या दाण्यांत हा गुण उतरत नाही. त्यामुळे दोन पिकांत पुरेसे अंतर ठेवावे किंवा पेरणीची वेळ बदलावी. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे. पोषणयुक्त व साधा दाणा नजरेने ओळखता येत नसल्याने घरच्या आहारासाठीचा मका वेगळा साठवावा.

पेरणीपूर्वी ग्रामसभेत आणि शाळेच्या परिसर अभ्यासात या बाबींची चर्चा झाल्यास खतावरील अनाठायी खर्च टळेल आणि मुलांच्या ताटातील भाकरी अधिक सकस होईल.