शाळेसाठी संगणक घेताय? नवी विंडोज की जुनी?



जिंतूर असो की गंगाखेड, लोकवर्गणीतून घेतलेला संगणक पाच-सहा वर्षं तरी चालला पाहिजे. विंडोज १० चे जुने संगणक स्वस्तात मिळतात म्हणून मोह होतो. पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक बंद पडत नाही, मात्र सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबतात. एकच पेनड्राइव्ह चार संगणकांना लागतो, तिथे हा धोका मोठा आहे.

मग विंडोज ११ च घ्यायची का? नवीन संगणक घेत असाल तर हो. ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, आता बरीच स्थिरावली आहे.

जुना संगणक घेणार असाल तर आधी हे तपासा :

१) ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. विंडोज ११ ला टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. रॅम ८ जीबी असेल तर काम सुरळीत होतं.

२) शाळेचा प्रिंटर दुकानातच जोडून पाहा.

३) मराठी टायपिंग करून पाहा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो.

४) विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट लागतं. गावात रेंज नसेल तर हे काम दुकानातच उरका.

तपासणीत नापास झालेला संगणक कितीही स्वस्त असला तरी विंडोजसाठी घेऊ नका. वर्गणी गावाची आहे, तिचा हिशोब आपल्यालाच द्यायचा आहे.