पणजोबांचा कागद शोधताना: काय करावे, काय टाळावे

जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आंध जमातीच्या कुटुंबात पोरगं बारावी सायन्सला गेलं, की राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी माळ्यावरची कागदांची पिशवी खाली येते. जमातीचं प्रमाणपत्र एक वेळ लवकर मिळतं. त्याच्या वैधतेसाठी, म्हणजे पडताळणी समितीकडून ते खरं ठरवून घेण्यासाठी, मात्र आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. अमेरिकेतल्या पॉनी जमातीच्या माणसाला निदान एक सोय आहे. 1885 ते 1940 या काळात तिथल्या सरकारी एजंटांनी जमातवार याद्या केल्या, त्यात नाव, वय, नातं सगळं येतं. जिंतूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, तिथे आंधांची अशी यादी कुणी केली नाही. इथे पणजोबा सापडतो तो शेतसारा, कूळ, जन्म-मृत्यू यांच्या वह्यांत. सरकारला तो दुसऱ्याच कामासाठी हवा होता, म्हणून.

काय करावे

आधी गाव पक्कं करा, मग नाव. जुनं दप्तर माणसाच्या नावावर लावलेलं नसतं, गाव आणि सर्व्हे नंबरावर लावलेलं असतं. घरात विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच: पणजोबांच्या काळी आपण कोणत्या गावात होतो आणि ते गाव कोणत्या तालुक्यात होतं? हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला झाला. त्याआधी कळमनुरी, वसमत हे सगळं परभणीच होतं. सोयरे किनवटकडचे असतील तर 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हे लक्षात ठेवा. येलदरी धरणात शेत गेलं असेल तर पुनर्वसनाच्या गावावर थांबू नका, बुडालेल्या गावाचं नाव शोधा. गाव जागिरीत किंवा सर्फेखासमध्ये (निजामाच्या खासगी मुलखात) होतं का, हेही म्हाताऱ्यांना विचारा. त्या गावांचा कारभार वेगळा चालायचा आणि दप्तरही वेगळं असायचं.

सन नीट ओळखा. हैदराबाद संस्थानात फसली सन चालायचा, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं. 1340 फसली म्हणजे ऑक्टोबर 1930 पासूनचं वर्ष. पण तोच आकडा हिजरी असेल तर ते 1921-22 झालं. नऊ वर्षांचा फरक! दोन्ही सनांचे कागद एकाच गठ्ठ्यात निघतात. वंशावळीत बापापेक्षा मुलगा मोठा दिसायला लागला, तर सनाचा घोळ आहे का, हे आधी बघा.

मागायच्या कागदांची यादी घेऊनच तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. ‘जुनं काही असेल तर द्या’ म्हटलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर असं नाव घेऊन मागा. भूमी अभिलेख कार्यालयात शेतवार पत्रक आणि हक्क नोंद. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत, बटईपत्र, दत्तकपत्र. कुणबी नोंदींसाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा पोलीस, कारागृह आणि उत्पादन शुल्क विभागाच्या वह्यासुद्धा तपासायला घेतल्या होत्या. आंध कुटुंबानेही ती दारं ठोठावायला हरकत नाही.

जमीन नव्हती, म्हणून हात टेकू नका. ज्याचा पणजोबा सालगडी होता त्याला सातबारा कुठून मिळणार? पण दुसऱ्याचं रान कसणारा माणूस कुळाच्या वहीत असू शकतो. 1950 च्या हैदराबाद कूळकायद्याने संरक्षित कुळांच्या नोंदी झाल्या. तिथेही नाही मिळालं तर चुलत घराण्याच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. चुलत आजोबा चार बुकं शिकले असतील, तर तो एक उतारा सगळ्या भावकीच्या कामाला येतो.

वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता झाली आहे का, हे आधी विचारा. अशा नात्यातल्या वैधतेला वजन असतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे. भाऊबंदकीत शेताच्या बांधावरून बोलणं बंद असेल तर ते आत्ताच सुरू करा. आत्याचं माहेरच्या नावाचं जुनं कागदपत्रही चालतं. आत्याला लोक हमखास विसरतात.

उर्दू आणि मोडी वाचणारा जाणकार गाठा. घाईच्या उर्दू अक्षरात नुक्ते गळतात, ऱ्हस्व स्वर लिहिलेच जात नाहीत. आंध, आंद, अंध असे तीन वाचक तीन वाचनं करतील. मूळ पान, त्याचं लिप्यंतर आणि भाषांतर अशा तिन्ही प्रती जोडा.

काय टाळावे

जनगणनेत आजोबांचं नाव शोधत बसू नका. 1901 पासूनच्या हैदराबादच्या जनगणना अहवालांत जमातींचे आकडे आहेत, माणसं नाहीत. सय्यद सिराज उल हसन यांचा निजाम राज्यातल्या जाती-जमातींवरचा 1920 चा ग्रंथ समाज समजून घ्यायला जरूर वाचा. तुमचं घराणं त्यातून सिद्ध होत नाही.

नावाशी खेळू नका. अनुसूचित जमातींच्या यादीत जे नाव आहे तेच धरायचं, त्याच्या जवळचं दुसरं नाव चौकशी करून त्यात बसवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2000 मध्ये मिलिंद खटल्यात स्पष्ट केलं. आंध महाराष्ट्राच्या यादीत पहिल्याच क्रमांकावर आहेत. आडवळणाची गरज काय?

विरुद्ध नोंद लपवू नका. एखाद्या चुलत्याच्या दाखल्यावर गुरुजींनी भलतीच जात लिहिलेली असते. समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतं, त्याला ती सापडणारच. त्यापेक्षा आपणच ती पुढे ठेवावी आणि खुलासा द्यावा.

जुन्या रजिस्टरला हात लावू देऊ नका. ‘फक्त रकाना भरतो’ म्हणणारा भेटतो. ओळीतली बाकीची शाई तपकिरी पडलेली आणि जातीच्या रकान्यात तेवढी निळी, हे तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसतं. मग खऱ्या आंधाचाही कागद संशयात जातो. महाराष्ट्राच्या 2001 च्या 23 क्रमांकाच्या कायद्यात खोट्या प्रमाणपत्राला सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद आहे, मिळालेले लाभ जातात ते वेगळेच. आणि सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची.

रीतिरिवाजांची प्रश्नोत्तरं पाठ करू नका. आपली पोटशाखा वरताळी की खालताळी, कुलदैवत कोणतं, लग्नात काय करतात, हे आजीकडून ऐका आणि जसं ऐकलं तसं सांगा. शहरात वाढलेल्या पोराला सगळं ठाऊक नसणार, हे न्यायालयालाही कळतं: 2011 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आप्तभाव चाचणी, म्हणजे रीतिरिवाज जमातीशी जुळतात का हे पाहणं, ही एकमेव कसोटी नाही, स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाला जास्त वजन आहे. घोकलेली उत्तरं मात्र लगेच कळतात, कारण भावकीतली सगळी पोरं तेच वाक्य म्हणतात.

6 सप्टेंबर 1950 नंतरच्या कागदांचा ढीग लावू नका. अनुसूचित जमातींचा आदेश त्या तारखेचा आहे, कुटुंबाचं वास्तव्य तेव्हा इथे होतं हे दाखवायचं असतं. 1948 चा एक मळका उतारा पुढच्या वीस दाखल्यांना भारी.

प्रत्येक भावाने वेगळी वंशावळ करू नका. थोरल्याच्या प्रतिज्ञापत्रात पणजोबांना तीन मुलगे आणि धाकट्याच्या प्रतिज्ञापत्रात चार असले, की फाइल तिथेच अडते. सगळ्या भावकीने एकदा बसावं, लहानपणी वारलेल्यांसकट सगळी नावं लिहावीत, टोपणनावं कंसात टाकावीत आणि प्रत्येक अर्जाला त्याच एका तक्त्याची प्रत जोडावी.